लोबानाची वही

आज लिफ्टमध्ये कुणाच्या तरी दिशदाशाला, त्या लांब अरबी अंगरख्याला, लोबानाचा वास येत होता आणि निझवा या अरबी गावातलं आमचं जुनं लोबानाचं दुकान आठवलं. दुकानाची वेबसाइट मी शहरातल्या कुरुम भागातल्या ऑफिसातून बघायचो, पण तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मी तिच्यावर लोबानाचं एकच शुद्ध इंग्रजी नाव धरून बसलो होतो. दुकानात काम करणारे रत्नागिरीचे चाचा हसले, "अरे, गिऱ्हाईक काय परीक्षेला बसलंय? कुणी लुबान लिहितं, कुणी लोबान. ते शोधतात तसं ठेव ना!" गिऱ्हाइकांच्या मेसेजमधली अशी सगळी नावं त्यांनी एका वहीत उतरवली होती. मी ती मागून नेली, सगळी नावं वेबसाइटवर घातली आणि महिन्याभरात सर्चमध्ये आम्ही वर आलो. मालकांनी, म्हणजे अर्बाबांनी, विचारलं, "कल्पना कुणाची?" मी म्हणालो, "माझी." त्याच बैठकीत ते म्हणाले, "म्हातारा आता काय कामाचा? त्याचा व्हिसा खलास." मी वही बॅगेत सरकवली. कायमचे गावी परत जाताना चाचा म्हणाले, "वही राहू दे, तुला लागेल." आज लिफ्टमधून उतरलो तो थेट अर्बाबांच्या केबिनमध्ये गेलो आणि कल्पना चाचांची होती, हे सगळं सांगितलं. आता रत्नागिरीला फोन लावतोय. उचलला नाही, तर परत लावीन.