सोललेला लसूण

लसूण सोलताना बोटांना वास लागला की कोथरूडच्या वस्तीतली माझी शेजारीण आठवते. मार्केट यार्डातून फुटलेल्या गड्ड्या स्वस्तात आणून ती दारात सोलत बसायची. “सोललेल्या लसणाला कोण पैसे देतंय गं?” मी हसले. “सोसायटीतल्या कंप्युटरवाल्या बायका. त्यांना बोटांना वास नको असतो,” ती म्हणाली. दिवाळीनंतर रॉकेलच्या रांगेत तिचा डबा दिसेना. तिच्याकडे गॅस आला होता. लसूण मीही जन्मभर सोलला होता, पण फुकट! भडकलेल्या स्टोव्हसमोर बसून मी तिच्या नावानं बोटं मोडली. परवा सुनेनं सोललेल्या लसणाचं पाकीट आणलं. म्हणाली, “आई, केवढी सोय ना!” “शिळा वास मारतो त्याला,” मी म्हटलं आणि गड्डी फोडून सोलायला बसले.