श्रावणात आखाजीची गाणी

धुळ्याच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "पोस्ट व्हायरल फटीग. म्हणजे विषाणू गेला, थकवा मागे राहिला. छातीचा फोटो, रक्त, सगळं नॉर्मल आहे." सोबत माझ्या सासूबाई होत्या. त्यांना गावात सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी यातला एकच शब्द ऐकला, नॉर्मल. आमच्या नरडाण्याला उतरेपर्यंत एसटीत शेजारी बसेल त्याला त्या तोच सांगत होत्या.

ताप जाऊन महिने झाले आणि तरी केस विंचरताना दम लागतोय, असं तुमच्यापैकी कुणाचं असेल, तर बाई गं, तुला वेड लागलेलं नाही. घरचे ऐकतील अशी आशा मात्र फार धरू नकोस.

मला होळीनंतर साधा ताप आला आणि उतरलाही. मग अंघोळ करून आले की खाटेवर पडावं लागायचं. साडीच्या निऱ्या घालता घालता मधे बसावं लागायचं. बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटायचं, आणि समोरच्याला वाटायचं मी रागावले.

डॉक्टरांनी टेलिरिहॅब सुचवलं. म्हणजे दवाखान्यात न जाता फोनच्या व्हिडिओवर व्यायाम. माझा नवरा इथल्याच कारखान्यात कामाला आहे. त्याने फोन ठेवायला स्टँड आणून दिला आणि आपलं काम झालं असं समजला.

फिजिओथेरपिस्ट मॅडम नाशिकच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेसिंग शिकायचं. म्हणजे दमल्यावर नाही, श्वास शिल्लक असतानाच थांबायचं." ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा व्यायाम मला जमेना, भोवळ यायची. त्यांनी विचारलं, "गाणं येतं का काही?"

येतं तर. माहेरी आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, तिथे पहिला आवाज माझा असायचा. मॅडम म्हणाल्या, "मग एका श्वासात एक ओळ. ओळ झाली की विश्रांती." अर्धीच ओळ आली. मी फोनसमोरच रडले.

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "गानं म्हनाले दम शे, नि भाकरी थापाले नही? बठ्ठं नाटक शे." श्रावणात आखाजीची गाणी म्हणते म्हणून शेजारणीही हसल्या. एक ओळ बसून म्हणणं वेगळं आणि घरभराच्या भाकऱ्या धुरात थापणं वेगळं, हे मी नवऱ्यालाही समजावलं. तो म्हणाला, "आईशी वाद नको." जळफळाट झाला नुसता.

मग श्रावणातलाच कानबाई देवीचा सण आला. रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, सगळे भाऊबंद आमच्याकडे जमतात आणि पुरणाच्या पोळ्या मातीच्या खापरावर होतात, हातावर झेलत झेलत मोठ्या करून. अक्का सगळ्या जावांसमोर म्हणाल्या, "देवीना कामले कोनी थकत नही." नाही म्हणणारी देवीला नाही म्हणते. मी चुलीपुढे बसले. संध्याकाळपर्यंत पोळ्या केल्या आणि मला काही झालं नाही. अक्का ज्याला त्याला दाखवत होत्या, पाहा, झाली ना बरी.

तिसऱ्या दिवशी मला पाण्याचा पेला उचलेना. उशीवर मान वळवली तरी धाप लागायची. मॅडम फोनवर म्हणाल्या, "याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात. कष्ट आज, शिक्षा दोन-तीन दिवसांनी." अक्कांचं निदान वेगळं होतं. मी मनापासून केलं नाही, म्हणून कानबाई कोपली. नवरा डबा घेऊन कामावर गेला. मी पुन्हा अर्ध्या ओळीवर आले. दिवाळी खाटेवरून पाहिली.

थंडीत श्वास हळूहळू लांबला. एक ओळ, मग दीड. त्यावर अक्कांनी नवऱ्यासमोर जाहीर केलं, "जे दिन आखं गानं म्हनशी, ते दिनपाईन चूल तुनी." म्हणजे गाणं पुरं झालं की त्या दिवसापासून सगळा स्वयंपाक माझा. नवरा मान हलवून जेवत राहिला.

त्यानंतर मी गच्चीवर कपडे वाळत घालायचं निमित्त करून जायची आणि पाण्याच्या टाकीमागे बसून म्हणायची. एका दुपारी दोन ओळी एका श्वासात आल्या, तिसरीही निघाली, आणि असंच करत गाणं शेवटपर्यंत गेलं. माझं मलाच खरं वाटेना. इतका आनंद झाला आणि सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमचा व्हिडिओ होता. "दाखवा बरं, कुठवर येतंय," त्या म्हणाल्या. अक्का पिठाची परात घेऊन दारात उभ्या होत्या. मी सुरू केलं. पहिली ओळ संपली. छातीत पुढच्या ओळीपुरता श्वास आहे हे मला स्वच्छ कळत होतं. मी छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

मॅडमचा चेहरा पडला. "असू दे, अजून थोडे दिवस करू," म्हणाल्या. अक्का परात घेऊन चुलीकडे परत गेल्या.

मॅडम, तुमचे उपकार मी विसरणार नाही. तुमचा उपाय लागू पडला. त्या दिवशी मी थांबले, कारण श्वास शिल्लक होता.