मिठाच्या पाण्यातली रेघ

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शरीरातल्या विजेचे प्राध्यापक. कातडी फाटली की जखमेभोवती इवलीशी वीज वाहते म्हणे, आणि ती वाहतेय तोवर जखम भरून येणार, हा त्यांचा शोध. त्यापायी लग्नसुद्धा केलं नाही. परदेशातून बोलावणी यायची, विद्यार्थी पाया पडायचे बाकी ठेवायचे, आणि आम्ही घरातले कौतुकाने फुगून बसायचो.

मग यांच्या पायाला, माझ्या नवऱ्याच्या, नवी चप्पल चावली. त्यात मधुमेह, अंगठ्याची जखम चिघळली. सर्जन म्हणाला, अंगठा आत्ताच काढू, पाय वाचेल. भावजींनी थोरल्या भावाला उचलून प्रयोगशाळेत नेलं, जखमेच्या दोन्ही बाजूंना आपल्या त्या वीज मोजायच्या चांदीच्या चकत्या चिकटवल्या आणि यंत्राच्या पडद्यावर चढलेली रेघ मला दाखवली. "वहिनी, जखम जिवंत आहे. कापू देऊ नका." माझा जीव भांड्यात पडला. एवढा शिकलेला सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर सर्जनचं कोण ऐकतंय?

दर आठवड्याला रेघ तशीच टवटवीत. पाय मात्र काळा पडत गेला, आणि शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर भावजींना सुचलं. वरातीमागून घोडं! त्याच चकत्या त्यांनी मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवून पाहिल्या. त्या वाडग्यात ना जखम, ना माणूस, आणि पडद्यावर रेघ तीच. वीज चकत्यांचीच होती मेली! जगाला शिकवत हिंडले, पण एवढं साधं करून बघावंसं कधी वाटलं नाही, कारण रेघ त्यांना हवी तशीच येत होती.

गप्प बसले असते तर विभागप्रमुख झाले असते. बसले नाहीत, सगळं छापून कबूल केलं, हे मी नाकारत नाही. खुर्ची गेली, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, हाताखालचे लोक ओळख दाखवेनात. पुढे कुठल्याशा संस्थेने प्रामाणिकपणाबद्दल त्यांना मानचिन्ह दिलं. ते घेऊन स्वारी दादाला दाखवायला आली.

यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, छान आहे म्हणाले. माझ्याच्याने राहवेना.

"सत्कार तुमचा झाला, भावजी. पाय यांचा गेला."

यांनी मला डोळ्यांनी दटावलं. दटावू देत.