गावठी भाषेतली केमिस्ट्री

रामटेके मॅडम बरोबर उत्तर खोडायच्या. बीएस्सी पहिल्या वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी आमच्या बॅचच्या एक सोडून सगळ्या वह्यांवर लाल रेघ ओढली. आम्ही ॲसिडमध्ये ब्युरेटच्या मापाच्या नळीतून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडून रंग गुलाबी कधी होतो ते पाहत होतो. सीनियरांच्या जर्नलमध्ये उत्तर होतं दहा मिलीलीटर. सगळ्यांनी दहा लिहिलं. माझ्याकडे तसं जुनं जर्नल नव्हतं, म्हणून मी दिसलं ते लिहिलं: अकरा पूर्णांक चार. आता सगळ्यांसमोर शोभा होणार, असं वाटून मी वही ओढणीखाली लपवली होती.

मॅडमनी ती ओढून घेतली. "हिचं एकटीचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "सोड्याच्या शिशीचं झाकण सैल होतं. हवा लागून सोडा कमजोर झाला, म्हणून जास्त लागून राह्यला. ब्युरेट काय म्हणते ते लिहा. तुमाले काय पाह्यजे ते नका लिहू."

गडचिरोलीच्या त्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक. पीएचडी होती, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा झालेली होती, तरी अकरा वर्षं असंच चाललेलं. स्टाफरूममध्ये त्यांना कपाट नव्हतं. डस्टर, खडू, डबा सगळं एका कापडी पिशवीत. शिपाई कायम नोकरीतला, तो बसूनच त्यांच्याशी बोलायचा.

मी धानोऱ्याकडच्या खेड्यातली. बारावीपर्यंत घोकून आलेली. वर्गात पुस्तकातली मराठी आणि इंग्रजी दोन्ही माझ्या डोक्यावरून जायच्या. 'मोल' म्हणजे काय, हे मला कोणी धड सांगितलं नव्हतं. सहा गुणिले दहाचा तेविसावा घात, इतकंच पाठ होतं. मॅडमनी वर्गाला विचारलं, "तेंदू तोडायले कोण कोण जाते?" कोणी हात वर करेना. मग मी केला. उन्हाळ्यात बिडीची ही पानं तोडून आम्ही फडीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेत असू.

"फडीवर पानं एकेक मोजते का?"

"नाही मॅडम. पुडा मोजतात. सत्तर पानांचा."

"मंग झालं तं. अणू बी एकेक नाई मोजत. त्याचा पुडा बांधते. त्या पुड्याले मोल म्हणते. पुडा लहान पानांचा असो का मोठ्या पानांचा, पानं तितकेच. वजन मात्र वेगळं."

त्या दिवशी मला कॉलेजात पहिल्यांदा काहीतरी समजलं. हॉस्टेलवर जाऊन मी पाच गणितं सोडवली आणि पाचही बरोबर आली. माझी आई ज्या कामाला जाते ते काम केमिस्ट्रीच्या तासाला फळ्यावर लिहिलं गेलं, याचंच मला जास्त अप्रूप होतं.

दुसऱ्या सत्रात तपासणी समिती यायची होती. आदल्या दिवशी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून आम्लता मोजायचा एक पीएच मीटर आणून आमच्या लॅबमध्ये मांडला. आम्ही तो कधी पाहिला नव्हता. त्यावर वर्षभर प्रॅक्टिकल झाल्याचं रजिस्टर तयार होतं. फक्त मॅडमची सही हवी होती. मॅडमनी सही केली, पण वर एक ओळ लिहून: 'यंत्र उपलब्ध नसल्याने प्रयोग घेतला नाही.' समितीने ती ओळ वाचली की नाही, कोण जाणे. प्राचार्यांनी वाचली.

आठ दिवसांनी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझं अक्षर चांगलं आहे, असं त्यांनी ऐकलं होतं म्हणे. मुलांच्या वतीने एक तक्रार लिहायची होती. मजकूर ते सांगणार होते. मी पेन उचललं नाही. तेव्हा ते अगदी मायेने म्हणाले, "पोरी, हॉस्टेलच्या जागा यंदा कमी होणार आहेत. तुझं गाव लांब. बस एकच ना?"

मी लिहिलं. 'सौ. रामटेके वर्गात गावठी भाषेत शिकवतात. त्यामुळे आम्हा विद्यार्थ्यांना विषय समजत नाही.' लिहिताना हात थांबला नाही, हे मला आजही आठवतं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा मी तपासलं. खाली एकवीस जणांनी सह्या केल्या. पहिली माझी.

शनिवारी मॅडम लॅबमध्ये एकट्या होत्या, पिशवी भरत होत्या. मी माझं जर्नल न्यायला गेले. त्यांनी ते तपासून ठेवलं होतं.

"अक्षर तुहं आहे," त्या म्हणाल्या. जर्नलबद्दल बोलत नव्हत्या.

"हो मॅडम."

"तुले समजत नव्हतं?"

"समजत होतं."

"मंग लिहिलं काऊन?"

हॉस्टेलचं सांगावं, असं ओठावर आलं. पण ते कारण त्यांच्यासमोर फार लहान वाटलं. मी जर्नलसाठी हात पुढे केला. त्यांनी जर्नल माझ्या हातात दिलं आणि ब्युरेट धुवायला वळल्या. मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. माझी हॉस्टेलची जागा राहिली. पुस्तकी मराठीत शिकवणारे नवे सर आले. आम्ही सगळे पुन्हा दहा लिहू लागलो.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. एमएस्सी, सेट झाल्यावर मी बल्लारपूरकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वाच्या मुलाखतीला गेले होते. जागा एक. व्हरांड्यातल्या बाकावर सगळी माझ्या वयाची पोरं, आणि टोकाला रामटेके मॅडम. केस पांढरे झालेले, मांडीवर फाईल. त्यांनी मला ओळखलं आणि पिशवी उचलून जागा करून दिली.

मी शेजारी बसले; दोघांची नावं पुकारून झाली. शेवटी मीच म्हणाले, "मॅडम, त्या कागदाचं..."

"त्या कागदानं नाई तं दुसऱ्या कागदानं काढलं असतं त्याईनं मले," त्या समोर बघत म्हणाल्या. "ते मले ठाऊक होतं. पण एकवीस जणात एकीलेच मोल समजला होता. तिनं नव्हतं लिहायले पाह्यजे."

"माफ करा मॅडम."

"माफ नाई होत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. विद्यार्थ्याला चूक सांगावी तसं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या. उघड्या दारातून आतला आवाज ऐकू आला, "वय फार झालं हो, आणि मागच्या कॉलेजात काही तक्रार होती म्हणतात." मॅडमनीही तो ऐकला असणार. फाईल पिशवीत घालून त्या पायऱ्या उतरू लागल्या.

आत जाऊन सांगावं, की ती तक्रार खोटी होती, मीच लिहिली होती. इतकंच करायचं होतं. पुढचं नाव माझंच होतं.

मी आत गेले. केमिस्ट्री सोप्या भाषेत कशी शिकवाल, असं त्यांनी विचारलं. मी पुड्याचं उदाहरण दिलं. सगळे खूश झाले. कुणाकडून शिकलात, असं एकाने कौतुकाने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "असंच, सुचलं."

नेमणूक मला मिळाली.