मिकोनोसच्या पवनचक्कीत दोन किलो भाजणी

भाजणीप्रेमी वाचकहो, सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटातून ग्रीसमधील मिकोनोस बेटाकडे आम्ही प्रस्थान ठेवले ते सृष्टिसौंदर्यासाठी नव्हे. इकडेही गिरणी आहे. परंतु तीत आधी मिरची दळलेली असते, आणि मिक्सरमधून निघते त्यास सौ. सुलभा पीठ म्हणत नाही. मिकोनोसची जतन केलेली जुनी पवनचक्की वारा असेल तेव्हा फिरवून दाखवितात, एवढे वाचताच तिने भाजणीची धान्ये भाजली आणि माझ्या केबिन बॅगेत त्यांची प्रतिष्ठापना केली.

पिरेयस बंदरातून सावकाश जाणारी बोट घ्यावी: ती स्वस्त असते आणि उदरस्थ पदार्थ उदरातच राहतात. मिकोनोसच्या बंदरावरून चक्कीपर्यंत चढण आहे, पण सुसह्य. टोपी जपा, असे लिहिणार होतो. परंतु दोन दिवस झाडाचे पानही हलले नाही. आमची कन्या ईरा हिच्या शाळेची सुट्टी जूनमध्ये आणि वाऱ्याचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टात, हे ज्ञान आम्हांस तेथे पोहोचल्यावर प्राप्त झाले. सुलभा पिशवी मांडीवर घेऊन आकाशाकडे पाहत बसे.

अखेरच्या दिवशी, दुपारच्या बोटीपूर्वी, आम्ही पुनश्च टेकडी चढलो. दारात चक्की सांभाळणारी एलेनी कॉफी पीत होती. अकस्मात माझी टोपी उडाली. तिच्यामागे न धावता मी टाळ्या पिटल्या! एलेनीने लाकडी आऱ्यांवरची शुभ्र शिडे उलगडली, आणि ते अजस्र चक्र करकरत फिरू लागले.

सुलभेने पिशवी पुढे केली.

"आई, हे म्युझियम आहे, लाह!" सिंगापुरी हेल काढून ईराने तोंड लपविले.

सुलभेने गंभीरपणे इंग्रजीत विचारले, "याआधी काय दळलंय?"

"बार्ली. गेल्या सप्टेंबरात."

"मग चालेल. पहिली मूठ बाजूला काढा हं."

एलेनी हसता हसता वाकली, पण मूठ तिने निमूट बाजूला काढली. धण्याजिऱ्याचा खमंग गंध त्या दगडी गाभाऱ्यात दरवळला. दोन जर्मन पर्यटकांनी पिठाचे छायाचित्र घेतले. मी यजमानाच्या मुद्रेने शेजारी उभा राहिलो.

टॅम्पिनीसला परतताच तवा तापला. थालीपिठाचा पहिला घास सुलभेने घेतला. आम्ही ताटल्या पुढे सरकविल्या.

"जरा जाडच दळलंय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी समोर उभं राहून बारीक करून घेईन."

"ऑगस्टमध्ये, ओके?" तिसरे थालीपीठ ओढीत ईरा म्हणाली.

मी रजेची चौकशी आरंभिली आहे. शेवटी माझी टोपीही तिकडेच आहे. ती आणावयास कोणीतरी जाणे प्राप्तच आहे.