आईचे राहिलेले केस

प्रताप नगरात माझं सलून आहे. मी अंकुश. तोंड माझं फटकळ, हे साऱ्या गल्लीले माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मधात शिव्या आल्या तर ऐकून घ्या.

विश्वनाथ माझ्या वर्गातला. तो इंजिनियर झाला, मी बापाची खुर्ची धरली. वय दोघांचंही एक्कावन्न. माझं डोस्कं पांढरं झालं तर गिऱ्हाईक म्हणते, हात बसलेला माणूस आहे. त्याचं झालं तर कंपनी म्हणते, म्हातारा झाला. हा कोणता न्याय गा?

बँकांचे प्रोग्राम लिहायचा तो. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा सगळ्यात आधी जुने काढले. दीड वर्ष घरी बसून लॅपटॉपवर इंटरव्ह्यू देत होता. दरवेळेस आदल्या दिवशी माझ्याकडे यायचा. “डाय मार गा, पण मारला असं दिसू देऊ नको.” पहिल्याच वेळेस मिशीही काढायले लावली. लग्नातही न काढलेली मिशी!

“काहून बे?”

“मिशीनं पाच वर्षं जास्त दिसतात.”

मी शिव्या घातल्या. त्याले नाही, त्या कंपन्यायले. अन् मिशी काढली.

समोर बोलणारी पोट्टी त्याच्या पोरीच्या, अदितीच्या वयाची. सर-सर करायची, अन् मग फोनच यायचा नाही. एकदा आईले दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून त्यानं पुढची तारीख मागितली. तेवढ्यात जागा भरली. त्याचा असा धसका घेतला त्यानं, की पुन्हा कोणाले तारीख बदलून मागितली नाही.

मग पुण्याच्या एका कंपनीत सगळ्या फेऱ्या पार झाल्या. मोठ्या साहेबाची शेवटची तेवढी राहिली. त्याच्याच जुन्या कामासारखं काम, तेही घरून. त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून तो शिट्टी वाजवून राहिला होता. मले वाटलं, चला, सुटला एकदाचा.

अन् त्याच आठवड्यात यमुताई गेली. त्याची आई. शाळेतून आलो की ती न विचारता दोन ताटं वाढायची, एक त्याचं, एक माझं. अशी बाई होती ती.

तिचं माहेर खाप्याचं, म्हणून दहावा तिथंच केला, कन्हानच्या काठी. मुंडण करायले मलेच नेलं. मी पाणी लावलं, वस्तरा काढला, तर विश्वनाथ हळूच म्हणे, “डोस्क्याचे केस नको काढू गा.”

मागं त्याची बहीण उभी होती, सिंधूताई. तिनं ऐकलं.

“काहून रे? जन्म दिला तिनं तुले. तिच्यासाठी केस देववत नाहीत?”

“ताई, उद्या इंटरव्ह्यू आहे.”

“मग सांग न त्यायले, आई गेली म्हणून!”

“सांगितलं की तारीख पुढं जाते. तारीख पुढं गेली की जागा जाते. अन् टक्कल करून बसलो तर साठीचा दिसतो मी.”

भटजी समजूतदार होते. म्हणाले, “असू द्या. निदान मिशी तरी द्या.”

सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मिशी होती कुठं? ती तर मीच उडवली होती, कंपन्यांपायी! मले तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटी कानामागची एक लट कापली. वरून काळी कुळकुळीत, मुळाशी पांढरी. तेवढीच यमुताईच्या वाट्याले आली. सिंधूताई नदीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी तो दुकानात आला. मुळं पांढरी दिसून राहिली होती, म्हणून तेराव्याच्या आत मी त्याले डाय लावला. सुतकात असं मी कधी कोणाले केलं नाही. तो डोळे मिटून बसला होता, अन् उद्या काय विचारतील ते पुटपुटून राहिला होता.

तेरावं झालं. दोन दिवसांनी भरदुपारी तो पुन्हा आला.

“काय झालं गा?” मी विचारलं.

“नाही म्हणाले. टीम तरुण आहे, तुम्ही रमणार नाही, म्हणे.”

“अबे, रमायले बगीचा आहे काय तो? काम करायचं आहे न!” माझं डोकं सणकलं. अजून बरंच बोललो, ते इथं सांगत नाही. तो ऐकतच नव्हता. खुर्चीत बसला, स्वतःच कापड गळ्याभोवती ओढून घेतलं.

“सगळे काढ.”

“आज? आज काय आहे?”

“आईचे राहिले आहेत.”

मी पाणी लावलं अन् वस्तरा फिरवला. काळे केस कापडावर पडत गेले. झाल्यावर त्यानं डोस्क्यावरून हात फिरवला, आरशात पाहिलं.

“आता आई गेलेला माणूस दिसून राहिलो मी,” तो म्हणाला.

अन् दहाव्याले कोरडा राहिलेला तो माणूस माझ्या खुर्चीत हंबरडा फोडून रडला. मी शटर अर्धं खाली ओढलं. मलेही आवरलं नाही.

“माय वं,” तो म्हणत होता, “उशीर झाला वं मले.”