कानामागचा हात

गुरुजींचा कानामागं तळहात, मान तिरकी आणि प्रश्न एकच, "कुठं ऐकू आलं?"

विंझरजवळच्या आमच्या दोनखोली शाळेत गुरुजी भिंतीच्या पलीकडं, मी अलीकडं. ऐकू आलं नाही म्हणजे वाचलंच नाही, हा त्यांचा कायदा. माझ्या वर्गातल्या पोरांची वजाबाकी त्यांच्या बाराखडीत वाहून जायची. मी भिंतीवर डस्टर आपटलं की पलीकडून उत्तर यायचं, "बाई, शिकतायत, भांडत न्हाईत."

या कायद्यात एक मुलगी अडकली. धनगरवाड्यावरची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. गुरुजींनी तिच्या आईला सांगितलं, हिला अक्षर येत नाही. आई म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. दिवाळीपासनं शेरडं राखंल."

अशात पुण्याहून एक ताई तारांची टोपी घेऊन आल्या. पोरं अक्षरं मोठ्यानं आणि मनात वाचतात तेव्हा मेंदूत काय चालतं, ते त्यांना बघायचं होतं. त्या मुलीनंही टोपी घातली. ती गप्प, पण ताईंच्या लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा नाचतायत. गुरुजींनी पडद्याला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"म्हंजे ही वाचतीय?"

"मेंदू काम करतोय, एवढं दिसतंय. वाचता येतं की नाही, ते यावरून नाही सांगता येत."

"मग कशावरनं?"

ताई पुढच्या पोराला टोपी घालू लागल्या. गुरुजींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. भोरची म्हणून बसावं आणि एसटी वेल्ह्याच्या रस्त्याला लागावी, तसा.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं चिडीचूप. मला वाटलं, गेला माणूस. धावत जाऊन पाहते तर पोरं पुस्तकात, आणि गुरुजी चवड्यांवर चालत एकेकाच्या कपाळाशी कान नेतायत.

"काय समजंना बाई," ते पुटपुटले.

मग तोंडावर बोट ठेवून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शेवटच्या बाकावरच्या मुलीने खिडकी लावावी.'

धनगरवाड्यावरची ती उठली. खिडकी लावली. बसली.

गुरुजींचा हात कानाकडं निघाला आणि वाटेतच थांबला. "ऐकू तर काय आलं न्हाई."

"पण खिडकी लागली की गुरुजी."

संध्याकाळी ते स्वतः धनगरवाडा चढून गेले. आईला काय सांगितलंत, असं मी विचारलं.

"येतंय तिला, म्हणलं. कसं येतंय, ते मलाच कळलं न्हाई."

यंदा ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा वर्ग उघडला, पोरं मागोमाग आत शिरली. फळ्यावर त्यांचं वळणदार अक्षर होतं, 'खिडकी उघडावी.' मी ते मोठ्यानं वाचणार, तोच मागं शेवटच्या बाकाजवळ खिडकीची कडी वाजली आणि फळ्यावर ऊन आलं.